कारणासह ताकीद

मजकूर दोन वाक्यांचा आहे. पहिलं वाक्य सांगतं की तुमच्या वर्तनाबद्दल इतर खेळाडूंकडून तक्रारी आल्या आहेत. दुसरं सांगतं की असंच चालू राहिलं तर तुमच्या खात्यावर कारवाई होऊ शकते. खाली एकच बटण असतं, ‘ओके’चं. ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि दाबलं की मजकूर पुन्हा दिसत नाही. चौघा-पाचांनी मिळून ऑनलाइन खेळायच्या बहुतेक खेळांत थोड्याफार फरकानं हाच मजकूर येतो. आमच्याकडे निरगुडसरला संध्याकाळी मोबाइल आडवे धरून ओळीनं बसलेल्या पोरांनी तो वाचलेला आहे. अवसरीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पोरांनीही वाचला असणार. एवढ्या जणांच्या नजरेखालून जाणारं हे गद्य आहे, तर कवितेकडे पाहावं तितक्या बारकाईनं त्याच्याकडेही एकदा पाहावं, असं मला फार दिवस वाटत होतं.

पहिल्या वाक्यात तक्रारी ‘आल्या’ आहेत. किती आल्या, कोणत्या डावानंतर आल्या, काल की महिन्यापूर्वी, याचा पत्ता नाही. ‘वर्तन’ या शब्दाच्या पोटात आईबहिणीवरची शिवी मावते, आपल्याच गड्याला मारलेली गोळी मावते, डाव अर्धा टाकून जाणं मावतं आणि नुसतं वाईट खेळणंही मावतं. दुसऱ्या वाक्याचा सगळा भार ‘असंच’ या एका शब्दावर आहे. असंच म्हणजे कसं, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

कवितेत कवी जागा मोकळी सोडतो आणि वाचणारा ती आपल्या आयुष्यानं भरतो. त्या न सांगितलेल्यातच कवितेची गोडी असते. इथेही जागा मोकळी आहे आणि वाचणारा ती भरतोच. फक्त तो ती संशयानं भरतो. त्या हैदराबादच्या पोराला उचलायला गेलो नाही म्हणून असेल. गाडी मीच चालवत होतो, ती नदीत गेली म्हणून असेल. की आपल्यातल्याच कुणी गंमत म्हणून रिपोर्ट मारला? कविता वाचून माणसाला काही बदलायचं नसतं. ताकीद वाचून उद्यापासून वागणं बदलायचं असतं. काय बदलायचं तेच तिनं सांगितलं नाही, तर ती ताकीद म्हणून उभीच राहत नाही.

तक्रारीच्या बटणाविरुद्ध माझं काहीही म्हणणं नाही, हे आधीच सांगतो. डावात मुलीचा आवाज ऐकू आला की कानात काय ओतलं जातं, हे ज्यानं एकदा ऐकलंय तो त्या बटणाला नावं ठेवणार नाही. 2017 च्या सप्टेंबरात ‘ओव्हरवॉच’ या खेळाचा तेव्हाचा प्रमुख जेफ कॅप्लन यानं सांगितलं होतं की, तोवर कारवाई झालेल्या 4,80,000 खात्यांपैकी 3,40,000 खाती थेट खेळाडूंच्या तक्रारींमुळे सापडली. तक्रार करणाऱ्याचं नाव झाकलं पाहिजे, हेही खरंच. कुणी तक्रार केली हे कळल्यावर काय होतं, ते गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

लपवण्याचं आणखी एक कारण आहे आणि तेही पोकळ नाही. खेळात फसवणूक करणारी सॉफ्टवेअर विकणारे लोक आहेत. वाल्व्ह या कंपनीची ‘व्हॅक’ नावाची यंत्रणा चोर पकडते, पण काय पाहून पकडला ते सांगत नाही. कित्येकदा बंदी मुद्दाम उशिरा घालते, म्हणजे कोणती युक्ती उघडी पडली याचा माग विकणाऱ्याला लागू नये. इथवर तर्क पटतो. पण 2010 च्या जुलैत याच यंत्रणेनं ‘मॉडर्न वॉरफेअर 2’ खेळणाऱ्या सुमारे 12,000 निर्दोष लोकांवर बंदी घातली. कंपनीचा प्रमुख गेब न्यूएल यानं माफी मागितली आणि भरपाई म्हणून दुसरा एक खेळ फुकट दिला. 2023 च्या ऑक्टोबरात एएमडी कंपनीच्या ग्राफिक्स कार्डाची एक नवी सोय चालू केली म्हणून ‘काउंटर-स्ट्राइक 2’मधल्या खेळाडूंवर बंदी आली. ती सोय मागे घ्यावी लागली आणि बंदीही उठवली गेली. दोन्ही वेळा चूक उघडकीस आली, कारण ती एकदम पुष्कळांच्या बाबतीत झाली होती. एकट्यादुकट्याच्या बाबतीत झाली, तर आरोपच ठाऊक नसलेला माणूस खुलासा तरी कशाचा करणार?

आमच्या शेजारचा मुलगा अकरावीत आहे. खेळाचं नाव सांगत नाही, त्यानं फरक पडत नाही. त्या आठवड्यात शेतीला रात्रीची लाइट होती. थ्री फेज आली की मोटर चालू करायची, मग उसाला दारं धरायचं, म्हणजे पाणी वळवून द्यायचं. आंबेगाव-जुन्नर भागात डिंभे धरणाच्या आणि घोड नदीच्या पाण्यावर ऊस वाढला, तसा बिबट्या उसातच राहायला लागला. त्यामुळे रात्री एकट्यानं शेतात जायचं नाही, हे आता घराघरात ठरलेलं आहे. एकानं फावडं घ्यायचं, दुसऱ्यानं बॅटरी मारत आणि मोठ्यानं बोलत बरोबर राहायचं. वडिलांनी हाक मारली तेव्हा याचा डाव निम्म्यावर आला होता. त्यानं मोबाइल खिशात घातला आणि चप्पल घालून निघाला. कुठल्या कुठल्या राज्यांतली तीन अनोळखी पोरं त्याच्याबरोबर खेळत होती. त्यांना दिसलं ते एवढंच, की आपला चौथा गडी घराच्या दारात खांबासारखा उभा राहिला, हालेना, बोलेना आणि शेवटी कुणीतरी येऊन त्याला मारून गेलं. त्यांनी रिपोर्ट मारला असेल, तर त्यांचंही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला ती दोन वाक्यं आली. त्याच्या डोक्यात लाइट, मोटर, ऊस यांतलं काहीच आलं नाही. त्याला आठवली ती आधीच्या रविवारी आपण माइकवर दिलेली शिवी. तीही अनोळखी माणसाला नव्हे, वर्गातल्याच मित्राला, प्रेमानं दिलेली. त्या दिवसापासून त्यानं माइक बंद ठेवला. चौघांच्या खेळात मुका गडी म्हणजे अर्धाच गडी. ‘मागे माणूस आहे’ हे तो सांगेना, म्हणून बाकीचे त्याच्यावर अधिक चिडू लागले. तक्रार नक्की कशाची होती, हे मलाही ठाऊक नाही आणि त्यालाही अजून कळलेलं नाही. माझा अंदाज दारं धरण्याचा आहे. तो खरा असेल, तर एका ताकिदीनं चांगल्या पोराकडून नको ती सुधारणा करून घेतली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, त्या दोन गोष्टी. याच खेळांच्या दुनियेत कुणीतरी ताकीद आणि निवाडा यांचं गद्य मनापासून, कलाकाराच्या कसोशीनं घडवलेलं आहे.

पहिली 2013 मधली, ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या खेळातली. ज्याच्याविरुद्ध खूप तक्रारी आल्या, त्याच्या डावाचं चित्रण जुन्या, अनुभवी खेळाडूंना दाखवायचं आणि निवाडा त्यांनी द्यायचा, अशी ती पद्धत होती. आठ फेऱ्यांचा तुकडा पाहायला मिळे. आरोपीचं नाव झाकलेलं असे, त्याला नुसतं ‘संशयित’ म्हणत. बाकीच्यांची नावंही बदललेली असत आणि त्यांचं बोलणं ऐकू येत नसे. म्हणजे तो कोण, कुठला, कोणत्या भाषेत ओरडतो, त्याचा दर्जा काय, हे सगळं बाजूला काढून ठेवलेलं. समोर उरायचा तो फक्त हात: बंदूक कुठे वळली, केव्हा वळली, भिंतीपलीकडचा माणूस दिसण्याआधी वळली का.

आणि शेवटी निवड दोनच उत्तरांतून करायची. ‘पुरावा अपुरा’ किंवा ‘वाजवी संशयापलीकडे स्पष्ट’. ‘निर्दोष’ असं उत्तरच नाही! मला ही रचना पहिल्यांदा समजली तेव्हा मी तिच्यापाशी बराच वेळ थांबलो. पाहणाऱ्याला समोरच्याच्या चारित्र्याबद्दल बोलायची मुभाच ठेवलेली नाही. त्यानं बोलायचं ते पुराव्याबद्दल: हा पुरतो की पुरत नाही. कुणाला सुटका देणं म्हणजे त्याला प्रमाणपत्र देणं नव्हे, हे फौजदारी न्यायाचं तत्त्व बंदुकांच्या एका खेळानं दोन बटणांत बसवलं. चोरी कशी पकडली जाते, हे इथेही आरोपीला सांगितलं जात नसे. पण निदान कुणीतरी माणसानं आपला डाव डोळ्यांनी पाहिला, एवढं तरी त्याला कळत होतं.

दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. रायट गेम्स या कंपनीनं ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळासाठी 2011 मध्ये खेळाडूंचं न्यायपीठ सुरू केलं. तक्रार झालेल्या डावांतलं लेखी बोलणं खेळाडूंपुढे ठेवायचं आणि त्यांनी शिक्षा की माफी ते सांगायचं. तीन वर्षांनी, 2014 मध्ये ते थांबलं. जेफ्री लिन नावाचा मेंदूविज्ञानात शिकलेला माणूस त्या काळात कंपनीत खेळाडूंच्या वर्तनाचा अभ्यास करत होता. त्याच्या चमूला आढळलेली पहिलीच गोष्ट फार महत्त्वाची आहे. एकूण गैरवर्तनापैकी सराईत उपद्रवी लोकांचा वाटा जेमतेम 13 टक्के होता. उरलेलं 87 टक्के एरवी सरळ वागणाऱ्यांकडून होत होतं. कुणाचा दिवस वाईट गेलेला, कुणी सलग हरलेला, कुणी घरातला राग इथे काढत असलेला. म्हणजे ताकीद मुख्यतः ज्याला वाचायची आहे, तो गुंड नाहीच. तो आपल्यासारखाच आहे.

अशा माणसाला त्यांनी एक कार्ड पाठवायला सुरुवात केली. त्याला सुधारणेचं कार्ड म्हणत. त्यावर न्यायपीठाचा कौल असे, आणि ज्या बोलण्यामुळे बंदी आली ते त्या डावातलं बोलणं, जसंच्या तसं. सगळी कमाल त्या ‘जसंच्या तसं’मध्ये आहे. कार्डात विशेषणं नाहीत. ‘अशोभनीय’ नाही, ‘आक्षेपार्ह’ नाही, उपदेश नाही. लिहिणाऱ्यानं स्वतःला पूर्ण मागे घेतलं आहे. कार्डावरचं सगळ्यात जड वाक्य त्यानं लिहिलेलंच नाही, ते वाचणाऱ्याचं स्वतःचं आहे. डावाच्या धुंदीत ते चालून गेलं होतं. आता आजूबाजूला गोळ्या नाहीत, घड्याळ नाही, हरण्याची भीती नाही. आहे ते फक्त वाक्य आणि शेजारी आपलं नाव. माणूस दुसऱ्याचा शब्द खोडून काढू शकतो, तुझी समजूत चुकीची आहे असं म्हणू शकतो. आपल्याच तोंडच्या वाक्याशी वाद घालताना मात्र आवाज खाली येतो.

नाटककाराला हे तंत्र परिचयाचं आहे. पात्राची निंदा दुसऱ्या पात्राच्या तोंडून केली की प्रेक्षक तिच्यावर पुरता विश्वास ठेवत नाही. पात्र स्वतः बोलून उघडं पडलं की मग काही सांगावं लागत नाही. कार्ड घडवणाऱ्यांनी नाट्यशास्त्र वाचलं असेल असं नाही, पण जागा त्यांना अचूक सापडली. परिणामही त्यांनी मोजला. नुसता गैरवर्तनाचा प्रकार कळवला, तेव्हा पुढच्या तीन महिन्यांत 50 टक्के लोक पुन्हा तसे वागले नाहीत. कौलासकट आणि शब्दांसकट कार्ड पाठवल्यावर हे प्रमाण 65 टक्क्यांवर गेलं. शिक्षा तीच. वाढलं ते फक्त कारण.

कार्डाला मर्यादा आहे. ते लिहिलेलं पकडतं, बोललेलं नाही. आमची पोरं लिहीत नाहीत, माइकवर बोलतात. त्याच कंपनीनं ‘व्हॅलोरंट’ या आपल्या दुसऱ्या खेळात आवाज तपासायला 2022 च्या जुलैत सुरुवात केली, तीही उत्तर अमेरिकेत आणि इंग्रजीपुरती. मैत्रीतली मराठी शिवी आणि खरी शिवी यांतलं अंतर ओळखणं माणसालाही दरवेळी जमत नाही, म्हणून यंत्राच्या हाती कार्ड द्यायची मला घाईही नाही. पण डाव अर्धा सोडला याची वेळ तर प्रत्येक खेळाकडे नोंदलेली असते. ‘मंगळवारी रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही डाव सोडलात’ एवढं एक वाक्य आमच्या शेजारच्या पोराला आलं असतं, तर त्याच क्षणी त्याला दारं धरणं आठवलं असतं आणि माइक चालू राहिला असता. यात तक्रार करणाऱ्याचं नाव फुटत नाही, चोरांना कसलीही युक्ती कळत नाही. लपवण्याची दोन्ही कारणं इथे लागूच होत नाहीत.

कारण लिहिलेलं असलं की काय होतं, हे आमच्या भागाला पुस्तकात वाचावं लागत नाही. केंद्र सरकारनं 2011 च्या जुलैत खेळ-प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती बंद केल्या. आंबेगाव, जुन्नर, खेड, शिरूरच्या यात्रांमधले घाट सुने पडले. लोकांना तो निकाल पटला नव्हता, आजही अनेकांना तो आठवला की राग येतो. पण निकाल कारणांसह होता. बैलाच्या शरीराची ठेवण धावण्याच्या शर्यतीसाठी नाही, त्याला वेदना देऊन पळवलं जातं, 1960 चा क्रूरता प्रतिबंधक कायदा ते करू देत नाही, असं त्यात मांडलेलं होतं. मांडलेलं होतं म्हणून त्याला उत्तर देता आलं. 2017 मध्ये राज्यानं कायदा बदलला आणि नियम केले: चाबूक नाही, काठी नाही, बैलाची वैद्यकीय तपासणी. 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायाधीशांच्या पीठानं तो कायदा टिकवला. बैलाची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं अजून संपलेलं नाही, आणि ते संपू नये असंच मला वाटतं. दोन्ही बाजूंना निदान कशावर बोलायचं ते माहीत आहे.

पोरांच्या खेळाचं उलट झालं. 2 सप्टेंबर 2020 ला पबजीसह 118 ॲपवर बंदी आली तेव्हा सरकारनं जाहीर पत्रक काढलं. देशाचं सार्वभौमत्व आणि सुरक्षा अशी कारणं त्यात दिली होती. ढोबळ का असेनात, दिली होती. पुढच्या वर्षी बीजीएमआय नावानं तोच खेळ भारतासाठी वेगळा आला आणि 28 जुलै 2022 ला ॲपच्या दुकानांतून अचानक नाहीसा झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली कारवाई झाल्याच्या बातम्या आल्या. या कलमाखालच्या आदेशांबाबत 2009 च्या नियमांतच गुप्ततेची तरतूद आहे. कोट्यवधी खेळणाऱ्यांना कुणी जाहीरपणे नीटसं काही सांगितलं नाही. 2023 च्या मे महिन्यात तीन महिन्यांच्या चाचणीवर तो परत आला. मधल्या काळात गावातली पोरं एकमेकांना विचारत होती, ‘पण झालं काय?’ रिपोर्ट आलेला एकटा मुलगा विचारतो तोच प्रश्न, फक्त अख्ख्या खेळाबद्दल.

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानं 17 फेब्रुवारी 2024 पासून कारवाई करणाऱ्या मंचांवर कारणं लिहून देण्याचं बंधन घातलं. आपल्याकडे 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मोठ्या समाजमाध्यमांसाठी तशी तरतूद आहे: मजकूर स्वतःहून काढला तर वापरणाऱ्याला कारण कळवायचं आणि त्याला बाजू मांडायची संधी द्यायची. खेळांच्या कंपन्यांनी कायद्याची वाट का पाहावी? कार्ड कसं लिहायचं, हे त्यांच्यातल्याच एकीनं दाखवून ठेवलेलं आहे.

रात्रीची लाइट असली की आमच्या आळीतली पोरं आता डाव सुरू होण्याआधीच माइकवर सांगून टाकतात. शेजारचा मुलगाही आता बोलतो. तोडक्यामोडक्या हिंदीत सांगतो की बाराला लाइट येणार, मोटर चालू करायला जायचंय, तोवर खेळतो. पलीकडचे कधी हसतात, कधी ‘कौनसी मोटर?’ म्हणून विचारतात. परवा पंजाबातला एक मुलगा म्हणाला की त्याच्याकडे पाण्याची पाळी दोन वाजता आहे, तेव्हा आधी हा जाईल, मग तो.